नाव कमावायचे म्हणजे काय?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात विद्यार्थी व पालक यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



नुकतेच शिक्षण संपवून नोकरी-व्यवसायात पडलेल्या तरुणांविषयी मी चार शब्द बोलावेत, अशी संस्थेची इच्छा आहे. ही मुले-मुली भेटली की त्यांची एक तक्रार हमखास ऐकावयास मिळते. "सर, आमचे काम चांगले आहे, पण आम्हांला ओळखत कोणी नाही." त्यांच्या मागून आलेला पुढे निघून जातो, साहेबाला त्याचेच नाव आठवते, नवे काम त्यालाच मिळते. मग कोणीतरी सल्ला देतो की बाबा रे, तू स्वतःचा 'ब्रँड' तयार कर. हे ऐकून आमची मुले अधिकच गोंधळतात. ब्रँड साबणाचा असतो, चहाचा असतो. माणसाचा ब्रँड म्हणजे काय? स्वतःची जाहिरात स्वतःच करावयाची? घरात तर लहानपणापासून शिकवले आहे की आपली तारीफ आपण करू नये, दिखावा वाईट.

हा शब्द माणसाला चिकटला तो फार जुना नाही. ऑगस्ट १९९७ मध्ये 'फास्ट कंपनी' नावाच्या अमेरिकन मासिकात टॉम पीटर्स यांचा एक लेख आला. प्रत्येक नोकरदाराने स्वतःला एखाद्या नामांकित मालासारखे समजून आपले वेगळेपण लोकांपुढे मांडावे, असा त्याचा मथितार्थ होता. एकाच कंपनीत जन्मभर चिकटून राहण्याचे दिवस तिकडे सरत आले होते. पुढे २००३ साली लिंक्डइन सुरू झाले आणि ही कल्पना घरोघर पोचली. शब्द परका आहे हे खरे. पण त्यातला विचार आपल्याला परका आहे काय? मला तसे वाटत नाही.

रत्नागिरी, रायगडकडच्या खाडीकाठच्या आपल्या गावांतून पिढ्यान्पिढ्या माणसे बोटीवर गेली. ज्यांचे आजोबा-पणजोबा बोटीवर होते त्यांनी घरातील जुनी ट्रंक एकदा उघडून पाहावी. कपड्यांच्या तळाशी त्यांचे डिस्चार्ज बुक सापडण्याचा संभव आहे. त्यात बोटीचे नाव, चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख, हुद्दा आणि त्यापुढे कामातील कुवत व वर्तणूक यांविषयी कप्तानाचा शेरा असे. शेरा चांगला असला तर पुढची बोट मिळावयास अडचण पडत नसे. वाईट शेरा लिहिण्याऐवजी एखादा कप्तान 'अहवाल देण्यास नकार' एवढेच नोंदवी, आणि या नकाराला खलाशी फार भीत. कारण त्यात शिवी नव्हती, आरोप नव्हता, पण वाचणाऱ्याला सारे कळत असे. आपल्या कित्येक वडीलधाऱ्यांना त्या पुस्तकातील इंग्रजी वाचता येत नव्हते. तरीही ते पुस्तक त्यांनी मेणकापडात गुंडाळून जपले, कारण त्यात काय लिहिले आहे याची किंमत त्यांना ठाऊक होती. मित्रहो, हाच त्या माणसाचा ब्रँड होता. आपण केलेल्या कामाविषयी दुसऱ्याने दिलेली साक्ष, तीही तारखेसह.

आता फरक एवढाच पडला आहे की तुमच्या पुस्तकात शेरा लिहिणारा कप्तान राहिला नाही. आजचा तरुण दोन वर्षांत नोकरी बदलतो, वरिष्ठ त्याच्याही आधी बदललेला असतो, आणि जे काम केले ते कोणाच्या लक्षातही राहत नाही. म्हणून हे पुस्तक आता ज्याचे त्याने ठेवावयाचे आहे. ही जाहिरातबाजी नव्हे, हा हिशेब आहे. व्यापारी माणूस रोजमेळ लिहितो तेव्हा त्याला कोणी गर्विष्ठ म्हणत नाही.

येथे एका कडू गोष्टीकडे वळणे मला भाग आहे. पालकांपुढे ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आपल्या मुलांच्या बाबतीत कामाच्या आधी नावच वाचले जाते. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा एक अभ्यास २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रांतील खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावांत होता. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या अर्जाशी तुलना करता मुस्लिम नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याचा संभव सुमारे एक तृतीयांश भरला. दलित नावाच्या अर्जालाही कमीच बोलावणी आली, म्हणजे हे दुःख एकट्या आपलेच नाही. पुढे २०२२ मध्ये लेड बाय फाउंडेशन या संस्थेने स्त्री-उमेदवारांविषयी अशीच पाहणी केली. एका काल्पनिक हिंदू मुलीच्या व एका काल्पनिक मुस्लिम मुलीच्या नावाने तुल्य पात्रतेचे अर्ज गेले. मुस्लिम नावाला आलेली अनुकूल उत्तरे सुमारे निम्मी होती.

हे ऐकून कोणी म्हणेल, मग शिकून उपयोग काय? आणि कोणी म्हणेल, मग नावच बदलून टाकू. पहिल्याला मी एवढेच म्हणेन की न शिकणाऱ्याला तर अर्जही करता येत नाही. दुसऱ्याचा विचार मात्र थोडा थांबून करावयास हवा. नाव बदलण्याचा मार्ग थोरांनीही अनुसरला आहे. बॉम्बे टॉकीजमध्ये देविकाराणींच्या सूचनेवरून युसूफखान यांचे दिलीपकुमार झाले आणि १९४४ साली 'ज्वार भाटा' पडद्यावर आला. त्यांना दोष देण्याचा आपल्याला अधिकार नाही. तो धंदाच टोपणनावांचा होता, आणि दिलीपकुमार म्हणजे युसूफखान हे पुढे साऱ्या देशाला ठाऊक होते. परंतु हिशेबनीस, इंजिनियर, परिचारिका किंवा वकील यांना असे दोन नावांनी जगता येत नाही. पदवी एका नावाची आणि ख्याती दुसऱ्या नावाची, अशी वाटणी केली की दोन्ही अर्धवट राहतात. आपले नाव आहे तेच ठेवावे आणि त्या नावाखाली इतका मजकूर उभा करावा की वाचणाऱ्याला आडनावावर थांबणे कठीण व्हावे. अन्याय याने नाहीसा होतो असे मी म्हणणार नाही. तो दूर करण्याची जबाबदारी कायद्याची आणि नोकरी देणाऱ्यांची आहे, तुमच्या मुलाची नाही. पण ज्याच्या नावाखाली कोरा कागद आहे त्याला डावलणे सर्वांत सोपे असते, हेही तितकेच खरे.

नावाचाच विषय निघाला आहे तर पालकांना एक व्यावहारिक सूचना करतो. ती क्षुल्लक वाटेल, पण तिच्यापायी अनेकांना हेलपाटे पडतात. शेख हे आडनाव इंग्रजीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिले जाते. मोहम्मद हे नाव शाळेत पूर्ण, आधार कार्डावर दोन अक्षरांत आणि पासपोर्टवर तिसऱ्याच स्पेलिंगने असते. कोठे आडनावच नाही, कोठे बापाचे नाव आडनावाच्या जागी. मुलींचे तर लग्नानंतर आणखी एक नाव होते. ज्या नावाचा शोध घेणाऱ्याला तीन वेगळी माणसे सापडतात त्याचे नाव होणार कसे? मुलगा दहावीला बसण्यापूर्वीच स्पेलिंग ठरवा, तेच सर्व कागदांवर आणा. राहून गेले असेल तर शासकीय राजपत्रात नाव-बदल रीतसर प्रसिद्ध करून घेता येतो. हे काम परदेशी जाण्याच्या आदल्या आठवड्यात करू नये.

आता विद्यार्थ्यांसाठी एका माणसाची हकीकत सांगतो. थोडी सविस्तर सांगतो, कारण ती आपल्या प्रश्नाशी अगदी जुळणारी आहे आणि घडली आहे आपल्याच किनाऱ्यावर. डॉ. सालिम अली यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. पक्षिशास्त्रात त्यांच्या तोडीचा भारतीय क्वचितच. पद्मभूषण १९५८ मध्ये, पद्मविभूषण १९७६ मध्ये. पण मोठ्या माणसांच्या चरित्रात आपण शेवटची पाने वाचतो. मी तुम्हांला मधले एक पान दाखवू इच्छितो, कारण आजचा निराश तरुण त्याच पानावर उभा आहे.

सालिम अलींचा जन्म १८९६ सालचा, मुंबईचा. आईबाप अगदी लहानपणी गेले. मॅट्रिक कसेबसे झाले, कॉलेज पहिल्याच वर्षी सुटले. ब्रह्मदेशात कुटुंबाच्या इमारती लाकडाच्या आणि खाणीच्या धंद्यात गेले, तो धंदाही बुडाला. हिशेब-व्यापाराचे शिक्षणही घेतले. सरकारी प्राणिशास्त्र सर्वेक्षण खात्यात पक्षितज्ज्ञाची जागा निघाली, पण विद्यापीठाची पदवी नाही म्हणून ती मिळाली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मार्गदर्शक-व्याख्यात्याची जागा मिळाली. पुढे रजा घेऊन बर्लिनला गेले आणि एर्विन श्ट्रेसेमान यांच्या हाताखाली पक्षिशास्त्राचे रीतसर शिक्षण घेऊन १९३० मध्ये परतले. परतून पाहतात तो पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली. वय चौतिसाच्या घरात, लग्न झालेले, परदेशी शिक्षण पदरात आणि नोकरी नाही! आज गल्फमधून किंवा पुण्याहून नोकरी गमावून परत आलेल्या मुलाची जी अवस्था, तीच.

त्यांनी काय केले? ते पत्नीसह अलिबागजवळच्या किहीम गावी राहावयास गेले. घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. सुगरणीचा खोपा आपण सर्वांनी पाहिला आहे. विहिरीवर वाकलेल्या बाभळीला किंवा शिंदीच्या झाडाला लोंबणारा, विणलेल्या चंबूसारखा. असा पक्षी काही दुर्मिळ नव्हे. पण सालिम अलींनी तोच पक्षी महिनोन्‌महिने पाहिला, नोंदी केल्या आणि १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यावर निबंध लिहिला. त्यांना जे दिसले ते असे. खोपा विणतो तो नर. (मराठीत आपण बाईला सुगरण म्हणतो आणि पक्ष्यांत हे काम बाप्याचे, ही गंमत भगिनींनी ध्यानात ठेवावी.) नर अर्धाच खोपा विणतो. माद्यांचा थवा आला की तो पंख फडफडवतो, ओरडतो, बोलावतो. मादी येते, आत शिरून विणकाम तपासते. पसंत पडले तर ती घर स्वीकारते आणि मग नर पुढची लांब नळी विणून ते पुरे करतो. नापसंत झाले तर निघून जाते आणि खोपा तसाच लोंबत राहतो. एक घर लागी लागले की नर दुसरे विणावयास घेतो.

या निबंधाने सालिम अलींचे नाव जाणकारांत झाले. पुढे हैदराबाद, त्रावणकोर-कोचीन अशा संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी करण्याचे काम त्यांना मिळत गेले. खर्च सोसा, मेहनताना नको, अशा बोलीवर त्यांनी ते केले. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे पुस्तक आले आणि ते सामान्य वाचकांच्या हातात गेले. म्हणजे बेकारीच्या त्या वर्षापासून सुमारे अकरा वर्षे. ज्यांना सहा महिन्यांत नाव हवे असते त्यांच्यासाठी मी हा आकडा मुद्दाम सांगत आहे.

या हकीकतीत मला तीन-चार गोष्टी दिसतात. त्यांनी 'मी पक्षितज्ज्ञ आहे' असे सांगत हिंडण्यापेक्षा एक पक्षी घेतला. तो आसपास होता, त्यावर पैसा लागत नव्हता. आणि जे पाहिले ते वहीत ठेवून न देता जाणकारांच्या नियतकालिकात छापले. आमची मुले नेमकी येथेच अडखळतात. काही जण काम करतात आणि गप्प बसतात. काही जण नुसतेच पंख फडफडवतात. त्यांच्या पानावर तीन तासांच्या कोर्सची दहा प्रमाणपत्रे, पुढाऱ्याबरोबरचे छायाचित्र आणि दुसऱ्याने लिहिलेले सुविचार असतात. मुलाखत घेणाऱ्याच्या खुर्चीवर मी बरीच वर्षे बसलो आहे, आणि सांगतो की असे कागद पाहावयास अर्धे मिनिटही लागत नाही. उमेदवाराला मी विचारतो, यातले एक काम सांग जे तू स्वतः केलेस, अडचण काय आली, कशी सोडवलीस. ज्याने विणले आहे तो बोलू लागतो. ज्याने विणले नाही तो पाण्याचा पेला मागतो.

अनुभवाची खोटी पत्रे आणणाऱ्यांविषयी फारसे बोलत नाही. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तरी परमुलखातला आंबा देवगड-रत्नागिरीच्या पेटीत भरून विकणारे आहेतच. त्यांचे गिऱ्हाईक एकदाच फसते, पण त्यानंतर ते खऱ्या बागायतदाराकडेही संशयाने पाहते. आपल्यातील एकाने खोटे पत्र दिले तर मागून येणाऱ्या दहा खऱ्या मुलांना त्याची किंमत मोजावी लागते. आपली संख्या अशा कचेऱ्यांत मुळातच थोडी आहे, म्हणून ती अधिक मोजावी लागते.

मग करावे काय? बी. कॉम. झालेल्या मुलाने मोहल्ल्यातील एखाद्या किराणा दुकानदाराचे वर्षभराचे हिशेब नीट लावून द्यावेत, जी. एस. टी. चे विवरणपत्र वेळेवर भरण्याची व्यवस्था बसवून द्यावी, आणि दुकानदाराच्या परवानगीने, त्याचे आकडे उघड न करता, काय अडले व कसे सुटले ते एका पानात लिहावे. डिप्लोमा झालेल्या मुलाने शाळेच्या गळक्या छताची पाहणी करून अंदाजपत्रक तयार करावे. नर्सिंगच्या मुलीने रुग्णाचे नाव कोठेही येऊ न देता मधुमेहाच्या जखमेची घरी काय काळजी घ्यावी हे साध्या मराठीत लिहावे. वातानुकूलन यंत्रे दुरुस्त करणाराही हे करू शकतो. किंबहुना त्याचे नाव पदवीधरापेक्षा लवकर होते, कारण उन्हाळ्यात त्याचे विणकाम दुसऱ्याच दिवशी तपासले जाते. असे पान लिंक्डइनवर टाका, नाहीतर फाईलमध्ये लावून मुलाखतीला न्या. महिन्याला एक एवढेही पुरे. काम करून घेणाऱ्याकडून दोन ओळींची साक्ष तेव्हाच मागून घ्या. वर्षाने मागावयास गेलात तर त्याला तुमचा चेहराही आठवणार नाही. साक्ष मागण्यात लाचारी नाही. तुमचे आजोबा बोट सोडताना पुस्तक पुढे करीत होते, ते काय भीक मागत होते?

दिखावा आणि दाखला यांत फरक आहे. जे केले ते तारखेसह सांगणे हा दाखला. जे केले नाही, किंवा जे दुसऱ्याबरोबर केले, ते एकट्याचे म्हणून सांगणे हा दिखावा. चौघांनी मिळून काम केले असेल तर चौघांची नावे लिहावीत. त्याने तुमचे नाव लहान होत नाही.

मुलींच्या पालकांशी थोडे स्पष्ट बोलतो. कित्येक घरांत मुलीला शिकवले जाते, पदवी मिळते, पेढे वाटले जातात, आणि मग तिचे नाव इंटरनेटवर कोठे दिसू नये अशी ताकीद मिळते. तुमची काळजी मी समजू शकतो. मुलींना तेथे त्रास देणारे लोक आहेत, हे खोटे नाही. छायाचित्र टाकावे की नाही, हे मुलीशी बोलून ठरवा. ते नसले तरी काम अडत नाही. पण नाव व काम दोन्ही पुसून टाकलेत तर तिची पदवी ट्रंकेतच राहील. नोकरीच्या दारात तिच्या नावाला आधीच निम्मे गुण मिळतात, हे वर सांगितले. उरलेले निम्मे घरातून कापले जाऊ नयेत.

शेवटी एक शंका कोणी काढील, ती मीच काढतो. सालिम अली हे तैयबजींच्या घराण्यातले. त्यांचे मामा अमिरुद्दीन तैयबजी होते. आमच्या मुलांना असा मामा कोठून आणावा? ही शंका रास्त आहे. दहा वर्षांच्या सुमारास या मुलाने एक चिमणी मारली, तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. मामांनी त्याला नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस मिलार्ड यांच्याकडे धाडले. मिलार्ड यांनी पोराला हाकलले नाही. संग्रह दाखवला, पुस्तके दिली. मामांनी त्याला नाव दिले नाही, नोकरीही दिली नाही. एक दार कोठे आहे, ते दाखवले. आमच्या पहिल्या पिढीच्या पदवीधराला नेमके एवढेच मिळत नाही. त्याच्या घरात कोणी ऑफिसात गेलेलेच नसते, मग कोणत्या माणसाला भेटावे हे त्याला सांगणार कोण?

हे काम संस्थेचे माजी विद्यार्थी करू शकतात. माझी संस्थेला विनंती आहे की कार्यालयात एक साधी नोंदवही ठेवावी. जे माजी विद्यार्थी आज बँकेत, इस्पितळात, न्यायालयात, कारखान्यात किंवा परदेशी आहेत त्यांनी तीत आपले नाव, धंदा आणि महिन्यातून एका विद्यार्थ्याला अर्धा तास देण्याची कबुली लिहावी. शिफारसपत्र देण्याची सक्ती कोणावर नको. मुलाचे एक काम पाहावे, त्यातले कच्चे कोठे आहे ते सांगावे, आणि पुढे कोणाला दाखवावे तो पत्ता द्यावा. आज या मांडवात असे पंधरा-वीस जण तरी मला समोर दिसत आहेत. कार्यक्रम संपल्यावर चहा आहे. तेवढ्या वेळात चिटणीस साहेबांनी वही टेबलावर ठेवावी. पहिले नाव मी लिहीन.